सेफ्टी बूट कोणता घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार भाऊ, मी वणीकडे जिनिंगमधी कापसाच्या गाठी गाडीत भरायच्या कामावर आहे, एक गाठ १७० किलोच्या आसपास, म्हणून टो वाला (बोटांवर कडक टोपी असलेला) बूट पायात पाहिजेच. मागच्या दिवाळीले ८०० चा जोड घेतला त ८ महिन्यात सोल बिस्किटासारखा चुरा झाला, वरचं लेदर अजून धड आहे! आता समजलं का पीयू (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिक) सोल नुसता पडून राहिला तरी हवेतल्या ओलीनं सडते, दुकानात कितीक दिवस पडून होता देव जाणे.

आता नायट्राइल रबरचा सोल पाहून राहिलो, तापल्या फरशीवर टिकते म्हणतात पण लय जड होते का? अन् स्टील टो घ्याचा का कंपोझिट (बिनलोखंडी, फायबर-प्लास्टिकचा)? दोन्हीवर २०० ज्यूल (टोपी किती मार झेलते त्याचं माप) अन् आयएस १५२९८ (सेफ्टी बुटाचं भारतीय मानक) चा छापा असला त मार सारखाच झेलन ना? माझा पंजा रुंद आहे, करंगळीले टोपीची कड लागते, संध्याकाळी मोजा काढला का लाल वळ. एक नंबर मोठा घेतला त टाच उचलते. बजेट १५०० पर्यंत. रोज १० तास घालणाऱ्यानंच सांगा, दुकानवाल्यायनं नाही 😄