मदत हवी आहे: नुसत्या भिंती नाही, गावही बदलेल असा अ‍ॅक्शन आरपीजी सुचवा

उद्यमनगरी:
मंडळी, एक अ‍ॅक्शन आरपीजी सुचवा, म्हणजे राक्षस मारत आपल्या पात्राची ताकद वाढवत न्यायचा गेम. उद्यमनगरातून शिफ्ट संपवून आलो की जेवणानंतर तासभर मोकळा असतो. लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. आमच्या गल्लीत नेटचं काही खरं नाही, म्हणून ऑफलाइन चालणाराच हवा.

१९९७ च्या तोंडावर आलेला 'डायब्लो' आणि २००० चा 'डायब्लो २' दोन्ही पालथे घातलेत. पहिल्यात १६ मजली भुयार, प्रत्येक नव्या डावात त्याची रचना वेगळी. सगळ्या क्वेस्टही (गेममध्ये मिळणाऱ्या कामगिऱ्या) एका डावात येत नाहीत. दार उघडताना अजून धाकधूक होते, हे कबूल. पण त्यातल्या बुचर या राक्षसाचंच बघा. चर्चच्या दाराशी मरायला टेकलेला माणूस सांगतो, त्यानं लोकांची कत्तल केली, सूड घे. मी तिकडे फिरकलोच नाही तरी हा आपला दुसऱ्या मजल्यावर खोलीचं दार लावून उभा. वर गावात ग्रिसवॉल्ड लोहाराचं दुकान सुरळीत चालू. धाकटा चुलतभाऊ म्हणतो, "दादा, भिंती हिकडच्या तिकडं केल्या म्हणून घर नवं हुतंय व्हय?"

मी हयगय केली तर त्याची किंमत मोजावी लागेल, आणि तीही दर डावात वेगळी, असं काही आहे का?

पंचगंगाकाठ:
भावा, तुला 'डिन्स कर्स' पाहिजे. सोल्डॅक नावाच्या छोट्या कंपनीचा, २०१० चा. यात गावसुद्धा रँडम. भुयारातल्या म्होरक्याला वेळेत आवरलं नाहीस तर तो ताकद वाढवतो आणि थेट गावावर चाल करून येतो. दुकानदार, क्वेस्ट देणारे, कुणीही मरू शकतं. महत्त्वाची माणसं गेली की गाव हातचं गेलं. वाचवलंस तर पुढचं गाव, नवं भुयार. राक्षस आपापसातही भिडतात, ते लांबून बघायला लई मजा. तुझ्या लॅपटॉपवर आरामात पळेल.

तांबडा_पांढरा:
गेम चांगला आहे, पण दिसायला यथातथाच, आधीच सांगतो. आणि माझं मत वेगळं आहे. या प्रकारात लोक अडकतात ते लुटीपायी. पुढच्या पेटीत काय निघेल, एवढ्यावर रात्र जाते. जग बदललं नाही तरी चालतं. 'पाथ ऑफ एक्झाइल'च्या नादाला मात्र लागू नका, त्याला नेट लागतंच.

उद्यमनगरी:
दोघांचेही आभार. लुटीचं पटतं, पण पेटीतली तलवार कुणासाठी चालवायची हे कळलं की हात जास्त शिवशिवतात. 'डिन्स कर्स'चा डेमो उतरवला. मी खाली किरकोळ पेट्या फोडत बसलो, तेवढ्यात वर गावावर हल्ला झाल्याचा निरोप. धावत पोचलो तर विक्रेता मरून पडलेला, माझ्याकडं विकायला भरलेली पोतडी तशीच! हेच हवं होतं मला. फक्त एक सांगा, एका वेळी चार-पाच क्वेस्ट अंगावर आल्या की आधी कुठली उरकायची?

पंचगंगाकाठ:
गावावर हल्ल्याची भाषा असेल ती पहिली. मग म्होरके. कुणाचं काही हरवलंय, शोधून आण, असल्या क्वेस्ट सगळ्यात शेवटी. आणि पोतडी भरायच्या आधीच वर चक्कर मारत जा.