मदत हवी आहे: मुगाचे मार्कर उडदात आणि रानमुगात चालवताना

मूग, उडीद आणि रानमूग यांच्यातली विविधता एकाच मार्कर-संचाने (मार्कर म्हणजे डीएनएतल्या ओळखखुणा) मोजायची आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मुगाच्या जीनोमवरून मायक्रोसॅटेलाइटचे (डीएनएत पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या अक्षरक्रमांचे) ४० प्रायमर (तो भाग पीसीआरने वाढवायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) बनवले. मुगात सगळे छान चालले. उडदात मात्र १४ ठिकाणी जेलवर पट्टीच नाही, म्हणजे तो तुकडा वाढलाच नाही. ॲनीलिंगचं (प्रायमर डीएनएला चिकटण्याचं) तापमान ५८ वरून ५२ अंशांवर आणलं, तर भलत्याच पट्ट्या उमटल्या, म्हणून तो नाद सोडला.

खरी अडचण पुढे आहे. पट्टी आली नाही, ती प्रायमरच्या जागी बदल झाल्यामुळे की डीएनए खराब म्हणून? परपरागित पिकात विषमयुग्मजांची (एका जागी दोन वेगळे अलील, म्हणजे जनुकीय रूपं, असलेल्या झाडांची) घट पाहून लपलेल्या, म्हणजे पट्टी न देणाऱ्या, अलीलचा अंदाज तरी येतो. ही पिकं स्वपरागित, जवळपास सगळी झाडं समयुग्मजी (दोन्ही अलील सारखेच), त्यामुळे ती वाटच बंद. अशा जागा गाळायच्या की 'माहिती नाही' म्हणून ठेवायच्या?

दुसरं, मुगात विविधता सर्वांत जास्त दिसतेय. पण मार्कर निवडले तेच मुगात बदल दिसला म्हणून! हा कल मला फार खुपतो, कारण यातून रानमूग विविधतेत विनाकारण गरीब ठरेल. उडदावरून बनवलेले प्रायमर जोडून तोल साधेल का, की सरळ जीबीएसकडे (जीनोटायपिंग-बाय-सिक्वेन्सिंग, म्हणजे थेट डीएनए वाचून फरक शोधण्याकडे) वळू?

आणि दोन प्रजातींत पट्टीची लांबी सारखी आली, तर आतली पुनरावृत्तीही सारखीच असेल असं नाही. किती नमुन्यांचं सिक्वेन्सिंग करून खात्री करता? प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगा.