मदत हवी आहे: शेतीराखणीसाठी बंदूक, ठासणीची, एकनळी की दुनळी?

मांगरकर:

नमस्कार मंडळी.

कणकवली तालुक्यात, फोंडाघाटाच्या पायथ्याशी आमची वाडी. पावसाळी भात, नंतर भुईमूग आणि कुळीथ, वर उतारावर काजू. वाडीतलं शेवटचं घर आमचं, त्यापुढे रानच. बाबांच्या नावावर शेतीसंरक्षण परवान्याची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची) बंदूक आहे, माझ्या शाळेच्या दिवसांपासूनची. आता त्यांनी सत्तरी ओलांडली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. रात्री मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, राखणीला बसणं त्यांना झेपत नाही. परवाना माझ्या नावावर करून घ्यायचं घरात ठरलंय.

त्रास मुख्य डुकरांचा. भात दुधात आलं की कळप उतरतो. खातात थोडं, लोळवतात जास्त. भुईमुगाची तर सकाळी नांगर फिरवल्यासारखी अवस्था असते. गवेही येतात, पण गव्याच्या वाटेला आम्ही जात नाही. डबे वाजवून झाले, बुजगावणी झाली, साड्यांचं कुंपण झालं. दोन रात्री घाबरतात, तिसऱ्या रात्री त्याच साडीखालून आत.

प्रश्न असा की परवाना बदलतोच आहे तर ठासणीचीच बंदूक पुढे चालवू, की काडतुसाची मागू? काडतुसाची तर एकनळी की दुनळी? नवी घ्यावी की जुनी विलायती? आमचा एक मावसभाऊ म्हणतो पंप-अ‍ॅक्शन (पुढची मूठ मागेपुढे खेचून काडतूस चढवायची) घे, घरालाही संरक्षण होईल. मी कामानिमित्त आठवड्यातून एक-दोन रात्री बाहेर असतो, घरी आई, बाबा, बायको. त्यामुळे तोही विचार डोक्यात आहे.

अनुभवी लोकांनी सांगावं. "बंदूक कशाला, अहिंसा पाळा" हा सल्ला गावात रोज मिळतो, इथे नको. 🙂

ऑस्टिनकर:

मी टेक्सासात राहतो, इथे रानटी डुकरांनी उच्छाद मांडलाय. २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. माझ्या शेजाऱ्याकडे सेमी-ऑटो (बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप चढणारी) बारा बोअर आहे. धडाधड पाच बार, कळप साफ. तुम्हीही सेमी-ऑटोच बघा, नाहीतर निदान पंप. एकनळीने काय होणार?

घाटवाट:

ऑस्टिनकर, तुमच्याकडचं डुक्कर हे युरोपातून आणलेल्या पाळीव डुकरांची रानटी झालेली अवलाद, म्हणून सरकारच म्हणतं मारा. आमचं रानडुक्कर मूळचं इथलं आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतं. टेक्सासचा सल्ला फोंड्यात लावला तर मांगरकरांचा मुक्काम सावंतवाडीच्या तुरुंगात.

मांगरकर, आधी हे नीट घ्या. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. तो बंदूक बाळगायचा परवाना. पिकाचं नुकसान होतंय म्हणून जनावर मारायचं तर कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी वेगळी लागते. ती नसताना मारलंत तर शेत तुमचं, पीक तुमचं, बंदूक परवान्याची, तरीही गुन्हा तुमच्यावर. गावात बरेच जण याची गल्लत करतात.

आता बंदुकीचं. शस्त्र कायदा, १९५९ चं कलम १३ वाचा. तिथे पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक असंच लिहिलंय. पण त्यालाच जोडून परंतुक आहे: परिस्थिती पाहता ठासणीची पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करू शकतो. तिची नळी किमान वीस इंची हवी. म्हणजे काडतुसाची मागता येते, पण ठासणीची का पुरत नाही हे अर्जात पटवून द्यावं लागेल. नुसतं "आधुनिक बंदूक हवी" लिहिलंत तर फाईल परत. रान किती जवळ, नुकसानीचे पंचनामे किती, जनावरं कुठली, सगळं कागदावर आणा. भरपाईसाठी वनखात्याकडे अर्ज केले असतील तर त्यांच्या प्रती काढून ठेवा, इथे त्या सोन्याच्या.

आणि एक खोच, जी तुमच्या भागात हमखास आडवी येईल. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते, वन्यजीव कायदा कलम ३४. घाटमाथ्यावर राधानगरी अभयारण्य बसलंय. तुमची वाडी त्या टप्प्यात येते का ते आधी बघा. येत असेल तर वेळ धरून चाला.

निवृत्त_खाकी:

घाटवाट यांनी सांगितलेलं बरोबर. वारसाबद्दल थोडं. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे: परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल तेव्हा कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. बाबा दोन्हीत बसतात. त्यांच्या हयातीतच करून घ्या. मृत्यूनंतर वारसांची संमती, मृत्यूचा दाखला, बंदूक ठाण्यात जमा, असं सगळं मागे लागतं आणि बहीण-भावांत कुणी एक सही अडवून बसतं.

तुमच्यासाठी अर्ज नव्याने भरावा लागेल, चारित्र्य पडताळणी होईल, बंदूक हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा मिळतो, आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका.

मावसभावाच्या घरसंरक्षणाविषयी स्पष्ट बोलतो. नोकरीत अशी प्रकरणं हाताळली आहेत. परसातला नारळ किंवा पाण्याचा पंप चोरून नेणाऱ्यावर गोळी झाडलीत तर स्वसंरक्षण म्हणून ते टिकत नाही. रात्री घर फोडून कुणी आत शिरलं तर कायदा वेगळा आहे, पण तिथेही गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं का हे तपासलं जातंच. तुम्ही घरी नसताना ही बंदूक चालवणार कोण? परवाना तुमच्या नावावर. आईने किंवा बायकोने उचलली की प्रश्न सुरू. त्या दोन रात्रींसाठी मजबूत दार, परसात दिवा आणि एक भुंकणारा कुत्रा ठेवा. बंदूक शेतासाठी घ्या, शेताच्याच कारणाने मागा.

शिमग्याला, लग्नाला बार काढायची हौस कोकणात जुनी. ती विसरा. आता आनंदाच्या भरात गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात आणला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

काजूबी:

बंदूक कुठलीव घेवा, राखण चुकाची नाय. 😄

आमच्याकडे आधी ठासणीची होती, आता दुनळी. मी फरक सांगते, कारण राखणीला नवऱ्याबरोबर मीही मांगरात बसते.

ठासणीची सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे एकदा भरली की सहजासहजी रिकामी करता येत नाही. संध्याकाळी भरून ठेवायची, डुक्कर आलं नाही तर सकाळी त्या भरल्या बंदुकीचं करायचं काय? हवेत बार काढा, नाहीतर तशीच खुंटीला टांगा. आमच्या सासऱ्यांच्या वेळी ती भरलेलीच टांगलेली असायची, खाली पोरं खेळायची. आज विचार केला तरी अंगावर काटा येतो. दुनळी कशी, कळ दाबली की मोडते, दोन काडतुसं बाहेर, खिशात. मोडून हातावर घेतली की समोरच्यालाही लांबून दिसतं की रिकामी आहे.

दुसरं, पाऊस. भात तयार होतं तेव्हा परतीचा पाऊस असतो. ठासणीची दारू सादळते, टोपी (ठिणगी पाडणारी) नुसतीच फुसकन वाजते, आणि बार आत्ता उडेल की मग हे कळत नाही. जुनी पुठ्ठ्याची काडतुसंही फुगून नळीत अडकायची, पण हल्लीच्या प्लॅस्टिकच्या काडतुसांना तो त्रास नाही.

अर्जात हेच लिहा. भरलेली बंदूक सुरक्षितपणे रिकामी करता येत नाही, पावसात भरवसा नाही. आमच्या अर्जात आम्ही नेमकं हेच मांडलं होतं.

मांगरकर:

काजूबी ताई, खूप आभार. खुंटीला टांगलेल्या भरलेल्या बंदुकीची तुमची गोष्ट घरात वाचून दाखवली, आईने कपाळावर हात मारला.

घाटवाट, सातबारा घेऊन वनपालांना भेटतो आणि अंतर काढून घेतो. आता दुनळी की एकनळी? आणि बोअर कुठला?

ट्रॅपवाला:

पुण्यात क्ले (ट्रॅप खेळातल्या हवेत उडणाऱ्या तबकड्या) मारतो, त्यामुळे डुकराचा अनुभव शून्य, पण बंदुकीवर बोलू शकतो.

बोअर बारा. दुसरा विचारच करू नका. (बारा बोअर का म्हणतात, तर नळीच्या व्यासाच्या बारा शिशाच्या गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर.) सोळा आणि वीस बोअरच्या जुन्या बंदुका स्वस्तात दिसतील, हातात हलक्याही लागतील, पण काडतुसं शोधत फिराल. बारा बोअरची काडतुसं आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातच बनतात, 'शक्तिमान' नावाने, आणि परवानाधारक दुकानात मिळतात. एका वेळी किती बाळगायची, वर्षाला किती घ्यायची, हे तुमच्या परवान्यावर लिहिलेलं असेल.

एकनळी हलकी, स्वस्त, बिघडण्यासारखं तिच्यात काही नाही. नुसता आवाज करून कळप हाकलायचा असेल तर तीही पुरे. तरी मी दुनळीच म्हणेन. तिच्या दोन नळ्यांची तोंडं बहुधा सारखी नसतात. उजवीची मोकळी, डावीची थोडी आवळलेली. त्यालाच चोक म्हणतात. चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात मोकळ्या नळीचे साधारण चाळीस टक्के छर्रे पडतात, पूर्ण चोकचे सत्तर टक्के. पुढचा चाप उजवी नळी, मागचा डावी. पहिला बार फुकट गेला तर दुसरा बोटाखाली तयार, मध्ये काही खेचाखेची नाही.

पंप वाईट नाही. पण तो भरलेला आहे की रिकामा हे अंधारात नुसतं पाहून कळत नाही, आणि वर्षभर हात न लावता एकदम ऑक्टोबरात काढलात तर घाईत अर्धाच खेचला जाऊन अडकतो. तो रोज हाताळणाऱ्याचा खेळ. आमच्या ट्रॅपच्या वरखाली नळ्यांच्या बंदुकांचंही तेच. नळ्या तीस-बत्तीस इंची, किंमत ऐकून शेती विकायला लागेल, आणि मांगराच्या दारातून त्या आडव्या निघायच्या नाहीत.

पूर्ण चोकच्या नळीतून एकसंध गोळीचं काडतूस मारू नका. नळीचं तोंड फाटायची भीती असते.

घाटवाट:

छर्र्यांवरून एक सांगतो. 'नुसते बारीक छर्रे मारतो, डुक्कर मरत नाही, धडा मिळतो' असं म्हणणारे प्रत्येक गावात असतात. त्यांचं ऐकू नका. बारीक छर्र्याने डुक्कर जखमी होतं, करवंदीच्या जाळीत शिरून बसतं, आणि सकाळी लाकडं आणायला गेलेल्या बाईवर उलटतं. शिवाय जखमी करणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. परवानगी नसेल तर बार हवेत, सुरक्षित दिशेला, वाडी आणि वाट सोडून. परवानगी असेल तेव्हाच एलजी वगैरे जाड छर्र्याचा विचार, आणि तेव्हाही ज्याचा हात बसलाय त्यानेच.

विजेची तार सोडणं आणि कणकेत बॉम्ब घालून ठेवणं यांच्या तर जवळही जाऊ नका. त्यात माणसं आणि गुरंही मरतात. सौर कुंपणाला जन-वन विकास योजनेत अनुदान आहे, वनपालांकडे जाताय तर तेही विचारा. तुमच्या भुईमुगाच्या तुकड्याला ते बंदुकीपेक्षा जास्त कामाला येईल असं माझं मत. बंदूक राखणीला माणूस जागा असेल तेवढाच वेळ काम करते.

निवृत्त_खाकी:

आणि निवडणूक लागली की बंदूक जमा करायची नोटीस येते, ती बरोबर पिकाच्या तोंडावर. सरसकट सगळ्यांनी जमा करावी असं नाही, छाननी समिती असते. शेतीसंरक्षणाचं कारण देऊन वेळेत अर्ज केलात तर सूट मिळू शकते. नोटीस आली की दुसऱ्याच दिवशी अर्ज टाका.

मांगरकर:

ठरलं मग. बारा बोअर, दुनळी. कोल्हापूरच्या एका दुकानात जुनी विलायती दुनळी आहे, घोडेवाली, नक्षीकाम सुंदर. नव्या सरकारी कारखान्याच्या बंदुकीपेक्षा तीच मनात भरलीय. घ्यावी का?

ट्रॅपवाला:

नक्षीवर जाऊ नका. नळ्यांवर लाटांसारखी वळणावळणाची रेघ दिसते का बघा. दिसली तर ती दमास्कस नळी, लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली, काळ्या दारूच्या जमान्यातली. आजची काडतुसं तिच्यात घालायची नाहीत, भिंतीवर लावायला उत्तम. साध्या पोलादाची असेल तर नळीखाली 'नायट्रो प्रूफ'चा (आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याचा) शिक्का शोधा आणि घर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, किती इंची आहे ते मोजून घ्या. बऱ्याच जुन्या इंग्लिश बंदुकांचं घर अडीच इंची असतं आणि हल्लीचं काडतूस पावणेतीन इंची. गंमत अशी की ते आत बसतं, म्हणून लोक फसतात. उडवताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो.

मग बंदूक मोडून नळ्या उजेडाकडे धरा. आत खड्डे, काळे डाग, पोचे दिसता कामा नयेत. नळ्या सुट्या करून बोटावर लटकवा आणि नखाने टिचकी मारा. खणखणीत वाजल्या तर मधली पट्टी घट्ट आहे, बद्द वाजल्या तर झाळ सुटलीय. जोडून बंद केल्यावर पुढचं लाकूड काढा आणि दस्ता धरून हलवा. सांध्यात खुळखुळ जाणवली तर दुकानदार काहीही म्हणो, परत द्या. घोडेवालीत घोडा अर्धा चढवून अंगठ्याने दाबून पाहा, सटकतोय का.

एवढं सगळं पार पडलं तरच जुनी, नाहीतर सरळ नवी. नवीला नक्षी नसेल, पण पावणेतीनचं काडतूस बिनधास्त चालेल.

तुम्ही डावखुरे नाही ना? जुन्या विलायती दस्त्याला उजव्या खांद्यासाठी किंचित बाक दिलेला असतो. डावखुऱ्याला तीच बंदूक दर बाराला गालावर आपटते.

मांगरकर:

उजवाच आहे. शनिवारी कोल्हापूरला जातोय, टेप सोबत घेतो.