गेटसमोर महिनोन्‌महिने पडलेली बेवारस गाडी, तक्रार नक्की कुठे करायची?

दुसरा_मजला:
मंडळी, आमच्या सोसायटीच्या गेटला लागून रस्त्यावर एक जुनी कार किती महिने पडून आहे कुणास ठाऊक, चारही टायर बसलेत, मागची काच फुटलीये, सीटवर पावसाचं पाणी साचून नुसते डास. पुढची नंबरप्लेट गायब, मागची आहे. पोलीस म्हणतात पालिकेत जा, पालिकेतले म्हणतात ट्रॅफिकवाल्यांना विचारा. नक्की कुणाचं काम आहे हे? आणि आतल्या पार्किंगमध्ये एका मेंबरची बंद बाइकपण धूळ खात पडलीये, दोन्हीसाठी एकच अर्ज चालेल का?

चाकजाम:
नाही चालणार. रस्ता वेगळा, सोसायटीची जागा वेगळी.
रस्त्यावरच्या कारसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ आहे. सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त वेळ सोडून दिलेली गाडी टो करायला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो, टोइंगचा खर्च मालकाच्या माथी. आता १० तास वाचून उद्या क्रेन येईल असं धरू नका, आधी काचेवर नोटीस चिकटवतात, मुदत देतात, मग कधीतरी उचलतात. लेखी अर्ज ट्रॅफिक आणि वॉर्ड ऑफिस दोन्हीकडे द्या आणि प्रत्येकावर दुसऱ्याला प्रत दिल्याचं लिहा, म्हणजे टोलवाटोलवी जरा कमी होते.

गॅरेजवाला:
अर्जाआधी मागच्या प्लेटचा नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकून बघा. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं येतं पण मॉडेल कळतं. समोर हॅचबॅक आणि ॲपवर स्कूटर दिसली तर प्लेट खोटी, चोरीचा संशय आहे असं अर्जात सरळ लिहा, मग पोलीस लवकर हलतात. चॅसी नंबरवरून (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर) मूळ मालक ते काढतील, तुम्ही बोनेट उघडायच्या किंवा गाडी ढकलायच्या भानगडीत पडू नका.

चाकजाम:
+१. आतली बाइक मात्र कमिटीचा विषय. सोसायटीच्या उपविधीत (बायलॉजमध्ये) पार्किंगचे नियम असतात, त्यावर बोट ठेवून मेंबरला लेखी नोटीस द्या. परस्पर भंगारात घातलीत तर मालक उलट तुमच्यावरच तक्रार करेल.

जुनी_स्कूटर:
मी त्या मेंबरच्या बाजूने बोलतो 😄 वडिलांची स्कूटर आमच्याकडेही अशीच उभी होती, आरसी म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र त्यांच्या नावावर, ते गेल्यावर कागद कोण करणार म्हणून सगळे गप्प. त्यामुळे नोटिशीआधी एकदा विचारून बघा, बऱ्याचदा गाडी ठेवायची हौस नसते, कागदांचा कंटाळा असतो. आणि कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला नुसती देऊन टाकू नका म्हणावं, नोंदणी तुमच्याच नावावर राहते. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत किंवा जमेल तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते, त्याच कायद्याचं कलम ५५. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं आहेत, तिथे दिली तर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी स्क्रॅपला दिल्याचा दाखला मिळतो, तो दाखवून नवीन गाडी घेताना नोंदणी फी माफ होते. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर आधी बँकेची एनओसी.

दुसरा_मजला:
भारी माहिती, धन्यवाद. नंबर टाकून बघतो. पण अर्जाची पोच द्यायलाच टाळाटाळ केली तर?

गॅरेजवाला:
स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. पालिकेचं तक्रारीचं ॲप असेल तर फोटो टाकून तक्रार नंबरपण घ्या, फोटोत गाडीसोबत तुमचं गेट दिसू द्या, नाहीतर 'जागेवर वाहन आढळले नाही' असं लिहून तक्रार बंद करतात.