गोमुखसाठी बूट सुचवा (बजेट ३०००)

कोथरूडकर_४५: सप्टेंबरअखेर बायकोबरोबर गंगोत्री-गोमुख करतोय. जाऊन-येऊन ३६ किमी. अनुभव म्हणजे सिंहगड आणि एकदा राजगड. ३००० च्या वर एक रुपया नाही.

दगडफोड्या: ३००० त चपला येतात. नऊ हजार टाका आणि मोकळे व्हा. माझे २०११ चे लेदरचे बूट माळ्यावर कागदात गुंडाळून ठेवलेत, अजून नवेकोरे.

नीलाताई: डेकॅथलॉनमधून घ्या, मी तिथूनच घेतले. एक नंबर मोठा घ्या. आधीचे नेमक्या मापाचे होते, उतरताना अंगठ्याचं नख काळं पडलं ते अजून धड आलेलं नाही.

पेठेतला: अ‍ॅक्शन कंपनीचे घ्या! ओल्या कातळावर पाल चिकटावी तसे चिकटतात.

दगडफोड्या: गोमुखला कातळ कुठून आणलात? शेवटी नुसते सुटे धोंडे आहेत.

परत_हिमालय: बुटांवरून किती भांडाल? गंगोत्री ३१०० मीटर, वाटेतलं भोजबासा ३८०० च्या आसपास, सिंहगड जेमतेम १३००. सिंहगडाने पाय तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. गंगोत्रीत एक मुक्काम जादा करा. परवाना आधीच काढा, दिवसाला १५० जणांनाच सोडतात. चिरबासा ते भोजबासा वरून दगड येतात, तिथे फोटोला थांबू नका.

पेठेतला: आम्ही १९९४ ला गेलो तेव्हा परवाना-बिरवाना नव्हता. आणि गोमुखही बरंच अलीकडे होतं.

नीलाताई: असणारच. गोमुख म्हणजे हिमनदीचं तोंड, बर्फ वितळला की मागे सरकतं. १९३५ पासूनच्या मोजणीत किलोमीटरहून जास्त मागे गेलंय. २०१६ च्या पावसाळ्यात मुखाचा एक भाग कोसळला. अगदी बर्फाच्या कड्याखाली जाऊ नका हो.

दगडफोड्या: हे सगळं निसर्गचक्र आहे.

परत_हिमालय: त्याचा वेगळा धागा काढा.

सुतळीवाला: नऊ हजारांचे घ्या नाहीतर नऊशेचे, पण माळ्यावरचे नकोत. पडून राहिलेल्या बुटाचा पीयू (पॉलीयुरेथेन) सोल दमट हवेने आतून कुजतो. माझा भोजबासाच्या अलीकडे सुटला. सुतळीने बांधून गंगोत्री गाठली.

कोथरूडकर_४५: सगळ्यांचे आभार. रोज पर्वतीला घालतो ते पळायचेच बूट नेतोय, पायात बसलेले आहेत. तीन हजारांत बायकोला घेतले. वर सांगितलेल्यांपैकी एकही नाही, तिने रंग बघून निवडले.

नीलाताई: नंबर मोठा घेतलात ना?

दगडफोड्या: आत्ताच माळ्यावर चढून आलो. डाव्याचा सोल हातात आला.