हिम, हिंव, बर्फ आणि स्नो

दर हिवाळ्यात ‘महाबळेश्वरात बर्फ’ अशी बातमी येते. सोबत वेण्णा तलावाच्या जेटीवरचा, गाडीच्या टपावरचा नाहीतर स्ट्रॉबेरीच्या पानांवरचा पांढरा थर. अक्कलकुवा तालुक्यात सातपुड्यातल्या डाबकडूनही असेच फोटो येतात. मग कुणी उत्साहाने ‘हिमवर्षाव’ लिहितं, कुणी ‘हिमकण’. यातला हिमवर्षाव तर साफ चूक, कारण आभाळातून काहीच आलेलं नसतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता भराभर सोडून देतात. माणसाच्या उंचीवर हवा चार-पाच अंशांवर असली तरी गवताचं पातं शून्याला टेकतं. आधी जमलेलं दव गोठलं तर काचेच्या मण्यांसारखे थेंब दिसतात. बाष्प पाणी न होता थेट गोठलं तर पिसासारखे बारीक स्फटिक दिसतात. या दुसऱ्या प्रकाराला मराठीत नेमका शब्द आहे, दहिवर. भूगोलाच्या पुस्तकात तो आपण शिकलो, परीक्षेत लिहिला आणि तिथेच सोडून आलो.

हिंदी वाचणाऱ्यांनी इथे जरा जपावं. तिकडे दहिवराला ‘पाला’ म्हणतात आणि ‘पाला पडल्याने पीक गेलं’ अशी वाक्यं येतात. आपला पाला झाडाचा. ‘तुषार’चंही तसंच. संस्कृतात तो हिम, दहिवर, गारठा या कुळातला. आपल्याकडे येईपर्यंत तो पाण्याचा फवारा झाला आणि आता शेतात तुषार सिंचन करतो.

आता मुख्य शब्द. भूगोलवाल्यांनी वाटणी करून ठेवली आहे: आभाळातून पडतं ते हिम, पाणी गोठून होतो तो बर्फ. पुस्तकात ही वाटणी सोयीची आहे, पण बोलण्यात कुणी पाळत नाही. काश्मीरला जाऊन आलेला माणूस ‘हिम पाहिलं’ म्हणत नाही, ‘बर्फ पाहिला’ म्हणतो. बर्फ फारसीतून आला आणि लाद्या, गोळे, सरबतं, मासळीबाजार अशा सगळ्या व्यवहारांत शिरला. बर्फीचं नावही त्याच्यावरूनच. (मराठीत तो पुल्लिंगी. ‘बर्फ पडली’ ही हिंदीची सावली.) हिम मात्र समासांत नांदतो. एकटा तो क्वचितच बाहेर पडतो.

या समासांतले काही फार हुशारीने घडवलेले आहेत. ‘हिमोढ’ हा मला आवडणारा शब्द. ऊढ म्हणजे वाहून आणलेला. हिमनदीने वाहून आणलेला दगडगोट्यांचा ढीग तो हिमोढ. ‘हिमनग’ची मात्र गंमत आहे. नग म्हणजे जो जात नाही तो, म्हणजे पर्वत. त्यामुळे संस्कृतच्या हिशेबाने हिमनग म्हणजे बर्फाचा डोंगर, हिमालयच. आपण तो शब्द समुद्रात तरंगत जाणाऱ्या बर्फाच्या कड्याला दिला. न हलणारा नग वाहायला लागला, आणि कुणाला काही खटकलं नाही.

हिमनदीबद्दल एक. उत्तराखंडात गंगोत्रीकडे गेलेल्यांनी रक्तवर्ण बामक, चतुरंगी बामक ही नावं ऐकली असतील. बामक म्हणजे गढवाली लोकांची हिमनदी. हिमाचलातल्या लाहौलमध्ये तीच ‘शिगरी’ होते, म्हणून तिथल्या मोठ्या हिमनदीचं नाव बडा शिगरी. ज्यांच्या उशाशी बर्फ आहे त्यांच्याकडे असे सुटे, समास न केलेले शब्द आहेत. आपल्याकडे तसा सुटा शब्द नाही, तो असण्याचं कारणही नाही.

———

प्रश्न आला आहे: मग हिवाळ्यातलं ‘हिव’ कुठलं?

तेच हिम. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तसं हिमचं हिंव झालं. उष्णकालाचा उन्हाळा, हिमकालाचा हिवाळा. संस्कृतात हिम म्हणजे बर्फही आणि थंडीही. ऋग्वेदात आयुष्य मागताना ‘शतं हिमाः’ येतं, शंभर हिवाळे. हा शब्द दक्षिणेला उतरला तेव्हा बर्फ मागे राहिला आणि थंडी तेवढी सोबत आली. पुढे ती थंडीही हवेतून अंगात शिरली. ‘हिंव भरलं’ म्हणजे हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. त्यावरून हिवताप. डासाने पसरणारा, दमट उष्ण मुलखातला हा रोग, आणि त्याच्या नावात बर्फ दडलेला! जिल्हा हिवताप अधिकाऱ्याच्या पाटीकडे या नजरेने कुणी पाहत नसेल.

———

एका डॉक्टरांनी लिहिलं आहे:

वैद्यकातल्या दोन शब्दांबद्दल माझी तक्रार आहे. पहिला हिमांधत्व. बर्फाने माणूस आंधळा होत नाही. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. वरूनही ऊन आणि खालूनही, त्यामुळे बुबुळाचा वरचा पडदा भाजतो. त्रास लगेच होत नाही. काही तासांनी, बहुधा मुक्कामी पोचल्यावर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं आणि उजेड सोसत नाही. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. काळा चष्मा न लावता वेल्डिंग करणाऱ्याला हाच आजार होतो. तो सरळ ‘वेल्डिंग लागलं’ म्हणतो. त्याच चालीवर ‘बर्फ लागला’ म्हणता येईल, आणि ते हिमांधत्वापेक्षा खरं असेल.

दुसरा हिमदंश. यात बर्फाचा स्पर्श व्हावाच लागतो असं नाही. गोठवणारा वारा पुरतो. बोटं, नाक, कानाची पाळी आधी पांढरी पडते, मग बधिर होते. दुखायचं थांबलं म्हणून बरं वाटतं आणि तिथेच घात होतो. ‘दंश’मुळे विंचवासारखी कळ येईल असं वाटतं, होतं नेमकं उलट. म्हणून मी ‘हिमबाधा’ म्हणतो, विषबाधेच्या चालीवर. नेपोलियनच्या सैन्याबरोबर रशियात गेलेल्या लारे या शल्यविशारदाने गोठलेल्या अवयवावर बर्फ चोळायला सांगितलं होतं आणि तो सल्ला शतकभर टिकला. आज तसं करणं घातक मानतात. सुरक्षित जागी पोचल्यावर, पुन्हा गोठण्याची भीती नसेल तरच, साधारण 37 ते 39 अंशांच्या पाण्यात अवयव बुडवतात. आणि चोळायचं मुळीच नाही.

———

डॉक्टर, ‘बर्फ लागला’ एकदम पटलं. ऊन लागतं, वारा लागतो, तसा बर्फही लागावा. हिमबाधेलाही माझं मत. तुमच्या शास्त्रात दृष्टीसमोर सतत बारीक ठिपके हलत राहण्याच्या तक्रारीलाही इंग्रजीत बर्फाचंच नाव आहे ना? सिग्नल गेल्यावर टीव्हीवर जे दिसायचं त्यालाही इंग्रज बर्फ म्हणत. आपण काय म्हणायचो? ‘मुंग्या आल्या’. अँटेना फिरवायला गच्चीवर चढलेल्याला खालून ओरडून विचारायचं, “गेल्या का मुंग्या?” पायाला मुंग्या, टीव्हीला मुंग्या. आता त्या आजाराचं मराठी नाव पाडायचं झालं तर ‘हिमदृष्टी’ वगैरे करू नका, एवढीच विनंती.

———

‘गार’बद्दल कुणी विचारलं नाही याचं आश्चर्य वाटलं, कारण आभाळातून पडणारं गोठलेलं पाणी आपल्या माणसाने खरं पाहिलं ते या रूपात. गार म्हणजे थंड, गार म्हणजे आभाळातून पडणारी, आणि गार म्हणजे चकमकीचा दगडही, जिच्यातून गारगोटी आली. ग्रीकांकडेही ‘क्रिस्टालोस’ म्हणजे बर्फ आणि स्वच्छ गारगोटीचा स्फटिक, दोन्ही. हा दगड म्हणजे कायमचा गोठलेला बर्फ, अशी त्यांची समजूत होती. आपल्या शब्दामागेही तशीच समजूत असेल असं माझं म्हणणं नाही, पण जोडी मजेशीर आहे.

गार आणि हिम एक नव्हेत. हिमाचा षट्कोनी स्फटिक बाष्पातून सावकाश वाढतो आणि हलक्याने उतरतो. गार उंच वाढलेल्या वादळी ढगात वरखाली फेकली जाते, तिच्यावर बर्फाचे थर चढतात, आणि ढगाला पेलवेनाशी झाली की आदळते. त्यामुळे हिमाची वृष्टी होते, गारांची पीट होते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्रात गारांचा खच पडला, तेव्हा ‘शिवाराचं काश्मीर झालं’ अशा ओळी छापून आल्या. ज्याचा गहू, हरभरा, द्राक्षबाग आडवी झाली त्या शेतकऱ्यासमोर ही उपमा कुणी कशी वापरू शकतं, मला कळत नाही.

———

कॅनडाहून एका ताईंची तक्रार: “इथे आम्ही घरात मराठी बोलतो, पण ‘स्नो काढायचाय’, ‘स्नोमध्ये अडकलो’ असंच तोंडात येतं. बर्फ म्हटलं की फ्रीजमधला वाटतो.”

ताई, यात वाईट काही नाही. तुम्हाला रोज दोन वस्तू वेगळ्या करायच्या असतात, एक फावड्याने काढायची आणि दुसरी जिच्यावरून घसरायचं नाही ती. इथे ती गरजच नाही. शिवाय ‘स्नो’ मराठीला नवा नाही. आपली माणसं विमानाने परदेशी जाण्याच्या कितीतरी आधी तो आरशासमोर आला होता. ‘स्नो-पावडर करून निघाली’ हे वाक्य आजीच्या तोंडी असायचं. मुंबईचा अफगाण स्नो पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत होता. पांढरं, मोत्यासारखी झाक असलेलं, लावल्यावर विरघळून जाणारं क्रीम म्हणून स्नो. खरा बर्फ जन्मात न पाहिलेल्या बायका रोज स्नो लावत होत्या.

पण सगळंच इंग्रजीतून घ्यायची गरज नाही. हिमालयात जाणारे आपले गिर्यारोहक भुसभुशीत बर्फ आणि टणक बर्फ असा फरक सहज करतात. बारीक बारीक पडायला लागला तर ‘भुरभुरतोय’ म्हणा, पावसासाठी आपण म्हणतोच. आणि रस्त्यावर मीठ टाकल्यावर, गाड्यांनी तुडवल्यावर जो काळपट, पाणचट गाळ होतो, त्यासाठी ‘रेंदा’ किंवा कोल्हापुरी ‘राड’ यांपैकी जे घरात रुळेल ते. माझं मत राडला. ‘दारात नुसती राड झालीय, बूट बाहेर काढा’ हे टोरांटोतही कळेल.