स्ट्रोकच्या औषधाची ट्रायल: सही करून चुकले का?

कृष्णाकाठ:
बाबा 64 वर्षांचे. मागच्या मंगळवारी चहा पिताना कप हातातून निसटला, तोंड वाकडं झालं. सव्वा तासात हॉस्पिटल गाठलं. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही म्हणाले आणि फॉर्म पुढे केला: गुठळी विरघळवणारी दोन औषधं, त्यातलं अल्टेप्लेज द्यायचं की टेनेक्टेप्लेज, ते कॉम्प्युटर ठरवणार. काका ओरडले, "आपल्या माणसावर प्रयोग?" तरी मी सही केली. टेनेक्टेप्लेज निघालं. आता बाबा आधाराशिवाय चालतात, पण सदऱ्याची बटणं लागत नाहीत. दुसरं औषध मिळालं असतं तर हातही सुटला असता का? रात्र रात्र हेच डोक्यात येतं.

रात्रपाळी:
ताई, मी स्ट्रोक वॉर्डात नर्स आहे, ट्रायलचं कामही बघते. आधी काकांना सांगा, यात खोटं औषध कुणालाच नव्हतं. दोन्ही गुठळी विरघळवणारीच. अल्टेप्लेज किलोमागे 0.9 मिलिग्रॅम, तासभर पंपावर चालतं; टेनेक्टेप्लेज 0.25, एकाच इंजेक्शनात संपतं. कॅनडातल्या 2022 च्या ॲक्ट ट्रायलमध्ये जवळपास 1600 रुग्ण होते. तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झालेले टेनेक्टेप्लेजचे 36.9 टक्के, अल्टेप्लेजचे 34.8. बाबांच्या वाट्याला कमी काही आलेलं नाही.

आता माझं एक मागणं. 90 दिवसांच्या सुमारास चौकशी होईल. विचारणाऱ्याला बहुधा कोणतं औषध दिलंय ते मुद्दाम कळू देत नाहीत. तुम्हीही बोलून जाऊ नका. आणि "बरं आहे" म्हणून मोकळ्या होऊ नका. डॉक्टरांचं मन राखायला घरचे असंच म्हणतात, मग मला खोदून विचारावं लागतं: आंघोळ स्वतः करतात? भाकरी मोडून द्यावी लागते? दुधाचे पैसे कोण मोजतं? शून्य ते सहाच्या मोजपट्टीवर (शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, आकडा वाढेल तशी अवस्था वाईट) दोन की तीन, हे अशाच उत्तरांवर ठरतं. तिथे गोड बोललात तर पुढच्या रुग्णांसाठी निष्कर्षच चुकेल.

संमतीपत्राची प्रत जपून ठेवा, एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायलमधल्या रुग्णांचे हक्क बघणाऱ्या समितीचा नंबर त्यावर असतो. ट्रायलमधून कधीही बाहेर पडता येतं, उपचार थांबत नाहीत.

मधली आळी:
आईला झोपेतच झटका आला. रात्री नक्की किती वाजता, कुणालाच सांगता येईना. हे इंजेक्शन झटक्यानंतर ठरावीक तासांच्या आतच देतात, त्यामुळे तिला मिळालंच नाही. तुम्ही सव्वा तासात पोचलात, ताई.

कृष्णाकाठ:
रात्रपाळी ताई, काकांना वाचून दाखवलं. आज बाबा बटण लावत होते तेव्हा मी हात पुढे केला नाही. वरची दोन लागली, तिसऱ्याला दमले. तारीख घालून वहीत लिहिलंय.